न तापणारं छिद्र

सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कुणालाही त्याची पहिली फजिती विचारा, बहुतेक वेळा ग्राउंडचं नाव निघेल. वीज बोर्डावरून कामाला जाते, तशी तिला परतायलाही वाट लागते. त्या परतीच्या वाटेला आम्ही ग्राउंड म्हणतो. जायच्या वाटा सगळेच नीट आखतात. परतीची कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्याही राहिली नव्हती.

मी भंडाऱ्याला घरी बसून बोर्ड आखते. त्या वर्षी एक छोटा डबा केला होता, शेतातल्या मोटरपंपाला जोडायचा. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, एखादा फेज गेला की आपोआप बंद. साकोलीचा एक पंपांचा दुकानदार तो विकायला तयार झाला. पहिल्या खेपेचे डबे शेतांत लागले आणि गंमत सुरू झाली. मोटर बंद होताना स्टार्टरमधला वीज तोडणारा कॉन्टॅक्टर खाड्कन सुटायचा आणि त्या झटक्याने माझ्या चिपचं भान हरपायचं. दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमचा डबा मोटरले भेऊन राहिला."

दोष ग्राउंडचाच होता. परतीची रेघ मी केसाएवढी ठेवली होती. आता माझा स्वभाव असा, की चूक दुरुस्त करून माझं भागत नाही, मला तिचा सूड घ्यावा लागतो. मी बोर्डाच्या दोन्ही बाजूंना जिथे म्हणून मोकळी जागा होती तिथे तांबं भरून टाकलं. याला कॉपर पोर म्हणतात. ते सगळं तांबं ग्राउंडला जोडलं, दोन्ही बाजू जागोजाग छिद्रांनी एकमेकींना टाचल्या. सॉफ्टवेअर इथे एक शहाणपणा आपणहून करतं. जिथे एखाद्या भागाची पिन छिद्रात बसून या तांब्याला मिळते, तिथे छिद्राभोवती गोल खाच ठेवून ते फक्त चार बारीक काड्यांनी तांब्याला जोडतं. त्या काड्या पाहून माझं डोकं फिरलं. पुन्हा अरुंद वाट? मी ती सोय बंद केली आणि तांबं चारही बाजूंनी थेट पिनेला नेऊन भिडवलं. घरच्या टेबलावर माझं तापमान धरून ठेवणारं, चांगलं सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे कथिलाची तार वितळवून जोड द्यायचं यंत्र आहे. त्यावर पाच नमुने केले. आठवडाभर त्यांच्या शेजारी कॉन्टॅक्टर खडखडवला. चिप हलली नाही. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि फाइल कारखान्याला पाठवली.

कोरे बोर्ड आले की त्यांवर भाग बसवण्याचं काम कारध्याच्या पाच बायका करायच्या. कारधा म्हणजे वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. पिठाच्या चक्कीमागची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. तिथे पाच पाट, पाच सोल्डरिंग आयर्न, एक पंखा आणि चहासाठी एक शेगडी होती. पाचातल्या चार जणी तिशीच्या आत-बाहेरच्या होत्या. पाचव्या काकू पन्नाशीच्या.

काकूंनी तीस वर्षं बिड्या वळल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. त्या तंबाखूच्या धुळीने छाती धरली होती. डॉक्टरांनी बिडी बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा त्या या खोलीत आल्या. पहिल्या दिवशी आयर्न हातात घेतली आणि तासाभरात इतरांपेक्षा नीट जोड देऊ लागल्या. बोटांना बारीक कामाची सवय होती, ती फुकट गेली नाही. मी ताबडतोब जाड काम त्यांच्याकडे दिलं. वायर कसायचे टर्मिनल, स्टार्टर चालू-बंद करणारे रिले आणि ग्राउंडच्या जाड पिना त्यांच्याकडे. बोर्ड कोरा असताना आधी त्यांच्याकडे जायचा आणि मग पुढे सरकायचा. दोनेक महिन्यांत त्यांचा खोकलाही कमी झाला. "रात्री झोप लागते आता मॅडम," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

माझी एक शिस्त होती. काम कोणी केलं ते कामावरच दिसलं पाहिजे. म्हणून प्रत्येक जण आपल्या जोडाशेजारी नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची. चौघींचे रंग लाल-गुलाबीतले होते. काकूंनी आयुष्यात कधी नेलपॉलिश लावलं नव्हतं. त्यांनी भंडाऱ्याच्या बाजारातून हौसेने मोरपंखी रंगाची बाटली आणली आणि सुनेने मागितली तरी दिली नाही.

नव्या बोर्डाची पहिली खेप छान गेली. साकोलीहून एकही तक्रार नाही. दुसऱ्या खेपेचं काम सुरू असताना एका सकाळी मी न सांगता कारध्याला गेले. दारातून पाहते तर शेगडीवर मंद आचेवर तवा, तव्यावर ओलसर फडकं आणि फडक्यावर माझे चार कोरे बोर्ड. काकू त्यांना उलटवत होत्या.

"काकू, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"थोडं गरम केलं का लवकर बसते जी," त्या म्हणाल्या.

मी पुढचं ऐकलंच नाही. "भाकरी आहे का ही? बोर्ड वाकला, जळला, तर कोण बघणार? काढा तो तवा. माझ्या बोर्डाला तवा लागता कामा नये." चौघी खाली बघत होत्या. काकूंनी चिमट्याने चारही बोर्ड उचलले, पाटावर ठेवले, गॅस बंद केला. मला वाटलं, पटलं त्यांना.

त्या खेपेतले तयार झालेले डबे साकोलीला गेले, आणि तीन आठवड्यांत डबे परत येऊ लागले. टेबलावर सुरू, शेतात बंद. काही तर मोटर सुरू करून लगेच बंद करायचे, पुन्हा सुरू करायचे. दुकानदार भला माणूस, पण त्याचाही धीर सुटला. "उरलेली खेप अशीच निघाली तं मी बाहेरून मागवून घेईन मॅडम. शेतकरी माह्या दारात उभे राहतात, तुमच्या नाही." तसं झालं असतं तर कारध्याची खोली बंद पडली असती. खोलीला दुसरं काम नव्हतं.

मी डबे उघडले. भिंगाखाली बघितलं तर जाड पिनांवर सोल्डरचा गोळा नुसता वर बसला होता. आत उतरलाच नव्हता, पिनेला धरलाच नव्हता. बोटाने टर्मिनल हलवलं की जोडाभोवती बारीक गोल चीर दिसायची. टेबलावर तो कसाबसा टेकून चालायचा, शेतात स्टार्टरच्या धक्क्यांनी सुटायचा. अशा प्रत्येक पिनेशेजारी मोरपंखी ठिपका.

परत आलेले चौदा बोर्ड पिशवीत घालून मी पूल ओलांडला. गाडी चालवताना वाक्यं जुळवत होते, तिखट तिखट. खोलीत सगळ्या होत्या. सगळ्यांसमोर मी ते बोर्ड काकूंच्या पाटावर ओतले. "काकू, हे तुमचे. चौदाच्या चौदा. जोड देताना लक्ष कुठे असते तुमचं?"

काकूंनी एकेक बोर्ड उचलला, उजेडाकडे धरला, अंगठ्याने टर्मिनल दाबलं आणि बाजूला ठेवला. चौदाही तसेच बघितले. घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, "हो जी. खराब आहेत." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. शेजारच्या बाईबरोबर निरोप आला, की हात पहिल्यासारखा राहिला नाही, आता बिड्याच वळते.

खरं सांगायचं तर मला आधी बरं वाटलं. दोष सापडला, दोष गेला. पण उरलेली खेप पूर्ण करायची होती आणि जाड काम बाकी चौघींना जमत नव्हतं. मग मीच म्हटलं, त्यात काय, मी बसते. काकूंच्या पाटावर बसले, त्यांची आयर्न घेतली, ग्राउंडच्या पिनेला टेकवली. मनात दहा अंक मोजले. सोल्डरची तार लावली, ती वितळेना. आणखी दहा मोजले. तार जराशी मऊ झाली आणि गोळा होऊन वर बसली, अगदी त्या चौदा बोर्डांवर होता तसा. मी आयर्नचं टोक पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा गोळा. मग पलीकडे चक्की सुरू झाली, खोलीतला दिवा पिवळा पडला आणि आयर्नमधला होता नव्हता तेवढाही जीव गेला. मी घामाघूम होऊन त्या छिद्राकडे बघत बसले. चौघी माझ्याकडे बघत होत्या. अर्ध्या तासात मी सहा जोड दिले, सहाही खराब.

त्यांच्यातली सगळ्यात अबोल होती ती हळूच म्हणाली, "यासाठीच तं काकू तवा ठेवत होती मॅडम. ते छेद सगळी गरमी पिऊन टाकते म्हणे."

मी बोर्ड उलटा केला. तांबं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना, आणि पिनेला चहूकडून भिडलेलं. आयर्नमधून जेवढी उष्णता पिनेत जात होती, तेवढी ते सगळं तांबं ओढून पसरवून टाकत होतं. सॉफ्टवेअर त्या चार काड्या ठेवतं ते याचसाठी. वीज जायला त्या पुरतात, उष्णता मात्र अडवून धरतात, म्हणून पिन तापते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. पण माझ्या घरच्या स्टेशनला असलं काही जाणवत नव्हतं, आणि चक्कीमागच्या पंचवीस वॅटच्या आयर्नवर मी कधी बसलेच नव्हते. उंटावरून शेळ्या हाकत होते. ज्या बाईने माझी चूक पहिल्याच खेपेत तव्यावर निस्तरून दाखवली, तिचा मी तवा काढून घेतला आणि वर तिलाच चारचौघींत बोलले. मला इतकी लाज वाटली, की कान गरम झाले.

तशीच उठून काकूंच्या घरी गेले. घर तीन गल्ल्या सोडून होतं. काकू घरापुढच्या सपरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर सूप. खोकल्याची उबळ आली होती ती थांबेपर्यंत मी उभी राहिले. त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि सतरंजी पुढे सरकवली.

"काकू, चूक माझी आहे. तुमच्या हाताची नाही. बोर्डच चुकीचा आखला मी."

"तुम्ही माहं मन ठेवाले म्हणून राहिल्या," त्या म्हणाल्या. बोटं चालूच होती.

मी बोर्ड त्यांच्यापुढे धरला आणि समजावून सांगितलं. तांबं कुठपर्यंत आलंय, उष्णता कशी पळते, चार काड्या कुठे असायला हव्या होत्या. मी आत्ताच सहा जोड दिले आणि सहाही बिघडवले, हेही सांगितलं. तेव्हा त्यांची बोटं थांबली.

"मले तं पयल्याच दिवशी मालूम झालं होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचे छेद पटकन तापतात, हे तापतच नाही. मंग तवा ठेवला."

"मग सांगितलं काहून नाही मला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "चेकरले कोन सांगते जी? तीस वर्सं झाली. आपण कारखान्यात बिड्या नेऊन द्यायच्या, चेकर हात घालते, ह्या खराब म्हणते, बाजूले फेकते. कायले खराब, ते नाही इचारायचं. पानच फाटकं देल्लं असन तरी नाही इचारायचं. इचारलं का दुसऱ्या दिवशी पानं भेटत नाही."

मी त्यांच्यासाठी चेकर होते, दुसरं कोणी नव्हते. स्वतःला मी केवढी वेगळी समजत होते! ताई म्हणा, मोकळं बोला असं पहिल्या दिवशी त्यांना सांगितलंही होतं. पण तवा दिसला तेव्हा मी केलं काय, तर हात घातला आणि बाजूला फेकलं.

"उद्या या," मी म्हटलं. "येता ना?"

काकूंनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हे आत्ता मले सांगितलं, ते त्या चौघींसमोर सांगान का?"

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात होतं की सपरीतच मिटेल. पण त्यांचा मान ज्यांच्यासमोर घेतला होता, त्यांच्यासमोरच परत करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, दाराशीच उभ्या राहिल्या. मी ते चौदा बोर्ड पुन्हा पाटावर मांडले आणि चौघींना म्हटलं, "हे मी बिघडवले. काकूंनी नाही. आणि मी त्यांचं ऐकलं असतं तर बिघडले नसते." काकू आत आल्या, आपल्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "शेगडी पेटवा कोणी." उरलेली सगळी खेप आम्ही तव्यावरच पूर्ण केली. आच किती, फडकं किती ओलं, बोर्ड किती वेळ, हे काकूंनी सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. ते चौदाही दुरुस्त झाले. तव्यावर केलेला एकही डबा साकोलीहून परत आला नाही आणि दुकानदाराने पुढची मागणी नेहमीसारखी दिली.

पुढच्या खेपेसाठी बोर्ड नव्याने आखला. तांबं तसंच ठेवलं, दोन्ही बाजूंना, कारण चिपला त्याची गरज होतीच. फक्त जाड पिनांभोवती खाचा आणि चार चार काड्या आल्या. रिलेतून जिथे स्टार्टरच्या कॉइलची वीज जाते तिथल्या काड्या जरा रुंद केल्या. नवे बोर्ड आले त्या दिवशी मी कारध्याला मुद्दाम चक्की चालू असताना गेले. काकूंनी आयर्न टेकवली. मी मनात मोजायला लागले, तीनवर तार वितळली आणि सोल्डर पिनेच्या कडेने सरसर आत उतरलं, चमकदार. काकूंनी बोर्ड उलटा करून बघितलं, ते पलीकडूनही निघालं होतं. "हं," त्या म्हणाल्या, "आता बसलं." माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर माझं एक काम वाढलं. कोणताही नवा बोर्ड कारखान्याला पाठवायच्या आधी त्याचा कागद मी कारध्याला घेऊन जाते. पहिल्या दोनतीन वेळा पाचही जणी "चांगलं आहे मॅडम" म्हणून मोकळ्या झाल्या. मला कळायचं, की हे उत्तर नाही. कोणीतरी खरं बोलेपर्यंत मी चहा पीत बसून राहायचे.

या वर्षी मी डबा लहान केला. बोर्ड निम्म्यावर आला. कागद पाटावर पसरला तर काकूंनी चष्मा वर सरकवला आणि सगळ्यांसमोर मान हलवली. "हे नाही जमत मॅडम. हे दोन छेद लयच जवळ आहेत. एकाचं सोल्डर दुसऱ्याले चिकटते."

माझं नाक लगेच लाल. "चिकटत नाही काकू. अंतर मोजून ठेवलंय मी."

"कागदावर मोजलं."

"चिकटत नाही म्हणते ना!"

"मंग करून दाखवा तुम्हीच."

माझ्याकडे त्याच अंतराच्या छिद्रांचा एक जुना बोर्ड होता. मी काकूंच्या पाटावर बसले, त्यांच्याच आयर्नने दहा जोड्या केल्या. हरले असते तर बोर्ड पुन्हा आखावा लागणार होता. दहाही स्वच्छ निघाल्या. एकही चिकटली नाही. काकूंनी बोर्ड उचलला, उजेडाकडे धरला, दहाही जोड्या बघितल्या. माझ्या जिंकण्याचं मलाच भय वाटलं. आता या बाई गप्प बसतील, बोर्ड खाली ठेवतील, आणि उद्या पुन्हा निरोप येईल.

"बरं. माहं चुकलं," काकू म्हणाल्या. बोर्ड माझ्या हातात दिला, कागद आपल्याकडे ओढला आणि त्यावर बोट फिरवत राहिल्या. बोट कोपऱ्यात जाऊन थांबलं.

"पण हा कोपऱ्यातला स्क्रू," त्या म्हणाल्या, "टर्मिनल बसल्यावर पेचकस जाईन कुठून? याचा इचार केला का तुम्ही?"

मी केला नव्हता.